आधीं तापली, कीं आधीं थकली ?

जुनी डिझेलगाडी चढावर तापूं लागली आणि तिची ओढ कमी झाली, म्हणजे घरांतील वडील मंडळी बहुधा दोनच प्रश्न विचारतात. पहिला, खर्च किती येईल. आणि दुसरा, गाडी आतां विकून टाकावी काय. या दोन्ही प्रश्नांच्या अगोदर विचारावयाचा जो तिसरा प्रश्न, तो मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तो असा : गाडी आधीं तापली, कीं आधीं थकली ? प्रस्तुत लेखांत जें सांगावयाचें आहे त्याचें सार या एका प्रश्नांत आहे. ज्यांच्या दारांत पंधरा-वीस वर्षांची जीप, ट्रॅक्स अथवा सुमो उभी आहे, त्या गृहस्थांनीं तो विशेष ध्यानांत धरावा.

आमचें पाली हें गांव बीडच्या दक्षिणेस, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. शेजारीं बिंदुसरेचा जलाशय आहे. आणि गांव मागें टाकून मांजरसुंब्याकडे निघालें कीं बालाघाटाचा चढ लागतो. बीडपासून इथवर जी गाडी निमूटपणें चालते, तिची खरी परीक्षा या घाटांत होते. वैशाखाच्या दुपारीं रस्त्याच्या कडेस बॉनेट उघडून एखादी गाडी उभी असते; भोंवतीं बायकामुलें उन्हांत ताटकळत असतात; कधीं आंत एखादा रुग्णहि असतो. म्हणून हा विषय केवळ मिस्त्रींचा नाहीं, घरसंसाराचाहि आहे.

प्रथम तापाविषयीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९२ सालीं आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वीपणें चाललें. या इंजिनांत ठिणगीची योजना नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं ती पांचशे अंशांच्याहि वर तापावी, आणि त्या तापलेल्या हवेंत तेलाचा फवारा सोडावयाचा. तें आपोआप पेट घेतें. तात्पर्य, ताप हा या यंत्राचा रोग नव्हे, धर्म आहे. जाळलेल्या तेलांतील उष्णतेचा ढोबळमानानें एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामीं येतो. दुसरा धुराबरोबर बाहेर पडतो. आणि तिसरा पाण्यावाटें रेडिएटरांत जाऊन वाऱ्यास मिळतो. हा तिसरा भाग जेथल्या तेथें अडला, अथवा पहिल्या भागासाठीं वाजवीहून अधिक तेल जाळावें लागलें, म्हणजे काटा तांबड्या रेषेकडे चालूं लागतो. गाडी तापण्याचे मार्ग मुळांत हे दोनच आहेत.

विहिरीवरचें डिझेल इंजिन आमच्या शेतकरी बंधूंस चांगलें परिचयाचें आहे. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कारखान्याची स्थापना १९४६ सालची; तेव्हांपासून हीं इंजिनें खेडोपाडीं पोंचलीं. तशा पुष्कळ इंजिनांस विहिरीचें ताजें पाणी एका नळीनें मिळतें आणि तापलेलें पाणी दुसऱ्या नळीनें वाहून जातें. गाडीचें तसें नाहीं. तेंच थोडें पाणी वर्षानुवर्षें आंतल्या आंत फिरत राहतें. त्यांत जो क्षार गेला, तो आंतच बसतो. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां कार्यकारणाचा विचार करूं. कारण कशास म्हणावें याची चर्चा आपल्या न्यायशास्त्रांत फार बारकाईनें केलेली आहे. जें कार्याच्या पूर्वीं नियमानें असतें आणि ज्याच्यावांचून कार्य घडूंच शकत नाहीं, तें कारण. घट तयार होण्यापूर्वीं कुंभार, चाक आणि माती हीं असतात. माती वाहून आणणारें गाढवहि असतें. परंतु गाढवास घटाचें कारण म्हणत नाहींत, कारण त्याच्यावांचूनहि माती आणतां आली असती. अशा वस्तूस नैयायिक अन्यथासिद्ध म्हणतात. ‘ गाडी जुनी झाली म्हणून तापते ’ हें आपलें नेहमींचें वाक्य म्हणजे कुंभाराचें गाढव होय. गाडी गेल्या वर्षींहि जुनीच होती. मग तेव्हां ती कां तापली नाहीं? जुनेपणा हें उत्तर दिलें कीं शोध थांबतो, आणि शोध थांबला कीं खर्च सुरू होतो.

यासाठीं पूर्वीं काय घडलें हें पाहावें. तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार : गाडी चांगली ओढते, काटा चढतो, आणि काटा चढल्यानंतर ओढ कमी होते. येथें ताप हें कारण आणि थकवा हें कार्य. दोष पाणी थंड करण्याच्या व्यवस्थेंत शोधावा. यांतहि पोटभेद आहेत. गाडी उभी असतांना किंवा गर्दींतून हळू चालतांना तापते, पण मोकळ्या रस्त्यावर धांवूं लागतांच थंड होते, तर वाऱ्याची उणीव समजावी : पंख्याचा पट्टा सैल असेल, पंख्याभोंवतींचें आवरण निघून गेलें असेल. उलट, उभी असतां ठीक, पण भार घेऊन लांब चालली कीं तापते, तर पाण्याचा फेरा अपुरा समजावा : रेडिएटरच्या बारीक नळ्या क्षारानें बुजल्या असतील, बाहेरच्या पात्यांत धूळ व पाचट अडकलें असेल, पाण्याच्या पंपाचें चक्र झिजलें असेल, किंवा खालची रबरी नळी आंतल्या बाजूनें पिचून शोषणाच्या वेळीं मिटत असेल. सकाळीं सुरू करून दोनचार मैल होण्यापूर्वींच तापली, तर पाणीच कमी आहे, अथवा थर्मोस्टॅट मिटलेला अडकला आहे. हा झडपेसारखा भाग ८० अंशांच्या आसपास उघडून पाण्यास रेडिएटरची वाट देतो. रेडिएटरच्या झांकणाकडेहि पाहावें. तें नुसतें झांकण नाहीं. तें आंत दाब धरून ठेवतें, आणि दाबाखालीं पाणी १०० अंशांस उकळत नाहीं. त्याची स्प्रिंग निकामी झाली, तर निरोगी इंजिनाचेंहि पाणी उतूं जातें. सर्वांत स्वस्त असा हा भाग बहुधा सर्वांत शेवटीं तपासला जातो.

दुसरा प्रकार : काटा अजून मध्यावरच आहे, आणि गाडी ओढत नाहीं, दामटली म्हणजे मग तापते. येथें थकवा आधींचा. इंजिनास नेहमींच्या कामाहून जास्त काम पडत आहे, किंवा त्याच कामास जास्त तेल जाळावें लागत आहे. प्रथम इंजिनाच्या बाहेर पाहावें. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहिला असेल. क्लच घसरत असेल, म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाहीं. त्यानंतर हवेची वाट पाहावी. एअर फिल्टर तुंबला, तर तेल पुरतें जळत नाहीं. जुन्या जीपांत फिल्टरखालीं तेलाची वाटी असते. तींत चिखल सांचला, म्हणजे इंजिनाचा श्वास कोंडतो. मग पंपाचें टायमिंग. फवारा उशिरां सुटला, तर शक्ति घटते आणि उष्णता व्यर्थ धुरावाटें व पाण्यांत जाते. रिंगा झिजून दाब गळत असेल, हा संशय अगदीं शेवटचा.

तिसरा प्रकार : गाडी थकते, पण तापत नाहीं. येथें बहुधा डिझेलच कमी पोंचत आहे : डिझेल फिल्टर तुंबला आहे, टाकींत पाणी आहे, किंवा शोषणाच्या नळींतून हवा आंत शिरत आहे. ज्यास अन्न कमी मिळतें त्यास अशक्तपणा येतो, पण त्या कारणानें ताप चढत नाहीं. म्हणून ज्या गाडीस ताप आणि थकवा दोन्ही आहेत, तिचा केवळ डिझेल फिल्टर बदलून ताप जाईल अशी आशा धरूं नये.

धुरावरून अग्नीचें अनुमान हें तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याचें पहिलें उदाहरण. डिझेलगाडीच्या बाबतींत धुराचा रंगहि बोलका असतो. काळा धूर म्हणजे तेलाच्या मानानें हवा कमी, अथवा नोझल ठिबकत आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. पांढरा धूर दोन प्रकारचा : थंड सकाळीं सुरू करतांना येऊन थोड्या वेळानें जाणारा धूर साधा, पण इंजिन तापल्यावरहि वाफेसारखा येत राहिला आणि रेडिएटरचें पाणी घटत गेलें, तर पाणी ज्वलनाच्या जागेंत शिरत आहे असें समजावें.

हें सर्व व्यवहारांत कसें उतरतें याचें एक उदाहरण देतों. घाटमाथ्यावरील एका खेड्यांत आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब राहतें. त्यांच्याकडे प्यूजो इंजिनाची जुनी महिंद्र जीप आहे. घरांतील वृद्ध मातोश्रींस आठवड्यांतून दोनदां डायालिसिससाठीं बीडला न्यावें लागतें. जातांना उतार, परततांना थकलेल्या रुग्णास घेऊन घाट चढावयाचा. गेल्या उन्हाळ्यांत गाडी नेमकी परततांना तापूं लागली, आणि एकदां तर मातोश्रींस तासभर रस्त्याच्या कडेस बसवावें लागलें. एका मिस्त्रीनें हेड गॅस्केट गेल्याचें सांगितलें. हेड उघडावें लागेल, कदाचित् अर्धें इंजिन करावें लागेल. सांगितलेली रक्कम घरांतील मुलीच्या कॉलेजच्या वर्षभराच्या फीएवढी होती. धाकटे बंधु म्हणाले, “ अण्णा, गाडी विकून टाकूं. ” थोरले म्हणाले, “ विकून आईला कशांतून न्यायचं ? ” फी भरण्याची मुदत जवळ आली होती, आणि हा पेंच सुटण्यासारखा दिसत नव्हता.

त्या मुलीनेंच एक वही केली. पुढच्या दोन खेपांस ती चालकाशेजारीं बसली आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर चार गोष्टी लिहीत गेली : गिअर कोणता, काटा कोठें, धूर कसा, आवाज कसा. वहींतून जें निघालें तें सरळ होतें. घाटाच्या पायथ्याशींच गाडी तिसऱ्या गिअरमध्यें ओढत नव्हती, आणि त्या वेळीं काटा मध्यावर होता. काटा वर गेला तो पुष्कळ पुढें. म्हणजे थकवा आधींचा.

गॅस्केटचा संशय फिटणें अवश्य होतें, कारण गॅस्केट गेल्यानेंहि ताप व थकवा दोन्ही येतात. त्याच्या तीन साध्या परीक्षा घेतल्या. सकाळीं इंजिन पूर्ण थंड असतां झांकण काढून तें सुरू केलें. पाण्यांत बुडबुडे आले नाहींत. डिपस्टिकवरचें ऑइल पाहिलें. तें ताकासारखें फेसाळ व पांढुरकें नव्हतें. रात्रीं पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवली. दुसऱ्या खेपेनंतर गाडी निवल्यावर पाणी तेवढेंच होतें. एका परीक्षेनें निर्णय होत नाहीं. पण तिन्ही एकाच बाजूची साक्ष देऊं लागल्या, तेव्हां हेड उघडण्याची घाई करण्याचें कारण उरलें नाहीं.

मग येथील एका मिस्त्रींनीं गाडी ब्रेक फारसा न वापरतां थोडें अंतर चालवून आणली आणि चारी चाकांच्या ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले. तिहींवर थेंब तसेच राहिले. मागच्या डाव्या चाकावर चर्र झालें. हातब्रेकची केबल गंजून अडकली होती, आणि तें चाक सर्व काळ अर्धवट ब्रेक लागलेल्या स्थितींत फिरत होतें. केबल बदलली. पुढच्या खेपेस गाडीनें तिसऱ्या गिअरवर पायथा सहज चढला. काटाहि पूर्वीइतका गेला नाहीं. पण शेवटच्या वळणाशीं अजून वाजवीपेक्षां वरच होता.

येथें आयुर्वेदांतील एक गोष्ट स्मरणीय आहे. माधवनिदानांत रोग ओळखण्याचीं जीं पांच साधनें मानिलीं आहेत, त्यांत उपशय हें एक आहे : उपचार करून पाहावा, आणि कोणतें लक्षण किती उतरलें यावरून रोग ठरवावा. हें साधन उपयोगी पडावयाचें, तर एका वेळीं एकच उपचार केला पाहिजे. या कुटुंबानें ब्रेक, रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि फिल्टर एकदम केले असते, तर गुण कशानें आला हें कधींच कळलें नसतें. केबल बदलून थकवा गेला आणि थोडा ताप उरला, यावरून उरलेल्या तापाचें कारण निराळें आहे हें उघड झालें. गरम इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, रेडिएटरवर दुरून हात फिरवला; वरचा भाग ऊन आणि खालच्या एका कोपऱ्यांत थंड पट्टा. निवल्यावर झांकण काढून आंत पाहिलें, तों नळ्यांच्या तोंडाशीं पांढरा थर. वर्षानुवर्षें त्यांत बोअरचें पाणी ओतलें जात होतें. आमच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशांत बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. ज्या पाण्यानें चुलीवरच्या भांड्यास पांढरें कीट धरतें, तेंच पाणी रेडिएटरांतहि तेंच करतें. टाकी उघडून नळ्या सळईनें साफ करविल्या, बाहेरचीं पातीं आंतल्या बाजूनें पाणी मारून धुतलीं, आणि कूलंट भरलें. त्यानंतर काटा घाटमाथ्यापर्यंत मध्यावर राहिला. दोन्ही कामांचा मिळून खर्च हेडच्या कामाच्या मानानें अगदींच किरकोळ झाला. फी मुदतींत भरली गेली. मिस्त्री म्हणाले, “ गुरुजी, हेड उघडलं असतं तर ब्रेकचं कळलंच नसतं. ” हा त्यांचा प्रामाणिकपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो.

यावरून गॅस्केट कधीं जातच नाहीं असा अर्थ मात्र घेऊं नये. थंड इंजिन सुरू करतांच बुडबुडे, न गळतां घटणारें पाणी, ताकासारखें ऑइल, सुरू केल्यावर थोडक्याच वेळांत दगडासारखी घट्ट होणारी वरची नळी, हीं लक्षणें एकत्र आढळलीं, तर गाडी तशीच दामटणें म्हणजे लहान खर्चाचा मोठा करणें होय. तेव्हां हेड अवश्य उघडावें.

वाटेंत गाडी तापली तर काय करावें, हें घरांतील प्रत्येकास, स्त्रियांस व मोठ्या मुलांसहि, माहीत असावें. भार कमी करून गाडी सावलींत उभी करावी. पाणी शाबूत आहे आणि पट्टा फिरत आहे, तर इंजिन थोडा वेळ मंद चालूं द्यावें, म्हणजे पाणी फिरत राहून आंतला ताप उतरतो. पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेलें असेल, तर तात्काळ बंद करावें. झांकण गरम असतां कदापि उघडूं नये. दाब सुटतांच आंतलें पाणी एकदम उकळून उसळतें आणि तोंड व हात भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबावें, आणि नळी हातास मऊ लागल्यावर जाड फडकें धरून झांकण सावकाश सैल करावें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी एकदम ओतूं नये. त्यानें हेडला तडा जातो. कूलंटसंबंधीं एक सूचना विशेष महत्त्वाची : त्यांतील ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी असतें. सांडलेलें कूलंट लहान मुलें व गुरें यांच्या वाटेंत राहूं देऊं नये, आणि उरलेला डबा स्वयंपाकघरांतील बाटल्यांशेजारीं ठेवूं नये.

‘ थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड चालेल ’ असा सल्ला इकडे सर्रास मिळतो. त्यानें कांहीं दिवस बरें वाटतें खरें. पण पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट काढला म्हणजे पाण्याची आडवाट कायमची उघडी राहते, आणि कांहीं पाणी रेडिएटरांत न जातांच परत फिरतें. शिवाय इतर वेळीं इंजिन गारठलेलें चालून अधिक झिजतें. ताप कां आला हें न पाहतां अंगावर गार पट्ट्या ठेवण्यासारखाच हा उपाय आहे. थर्मोस्टॅटचा संशय असेल, तर तो काढून पाण्याच्या भांड्यांत धरावा आणि पाणी तापवावें. उघडला तर निर्दोष, न उघडला तर नवा बसवावा.

जुन्या गाडीची एक सोय आहे. नव्या गाड्यांस तपासणीचें यंत्र जोडावें लागतें. या गाड्यांचा पंप यांत्रिक, त्यांत संगणक नाहीं, त्यामुळें डोळे, कान, हात आणि एक वही एवढ्यावर पुष्कळ निदान होतें. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढें दर पांच वर्षांनीं ती नवी करून घ्यावी लागते. त्या वेळीं गाडी ठेवावी कीं काढावी हा विचार प्रत्येक घरांत निघतो, आणि तो निघणें योग्यच आहे. मात्र तो विचार वहींतल्या नोंदी पुढें ठेवून व्हावा. कोणत्या महिन्यांत काय बदललें, घाटांत काटा कोठें होता, पाणी किती घालावें लागलें, डिझेल किती लागलें, एवढें लिहिलेलें असेल, तर मिस्त्रींशीं बोलतांना गृहस्थ आंधळेपणानें होकार देत नाहीं, आणि उगाच संशयहि घेत नाहीं. येत्या उन्हाळ्यापूर्वीं वाचकांनीं तेवढी एक वही गाडीच्या कप्प्यांत ठेवावी, आणि तिच्या पहिल्या पानावर या लेखाच्या मथळ्यांतील प्रश्न लिहून ठेवावा.